एक लाइफ दे ना!

पिवळ्या प्लॅस्टिकच्या त्या कॅसेटवर ‘९९९९ इन १’ असं छापलेलं असायचं. नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरात टीव्ही गेम आला, त्यांना हा आकडा किती फसवा होता ते सांगायला नको. मेनूत पानामागून पानं नावं यायची. पण जरा खाली गेलं की तोच मारिओ तिसऱ्या स्टेजपासून, तोच मारिओ पाचव्या स्टेजपासून, आणि मग भलतंच नाव लावून पुन्हा तोच मारिओ. खरे वेगवेगळे खेळ मोजायला घेतले, तर दोन-तीन डझनांच्या पुढे गाडी जात नसे.

पण ती कॅसेट म्हणजे एक चाळण होती. तिच्यासोबत माहितीपुस्तिका नसायची. खोक्यावरचं चित्र आत नसलेल्याच खेळाचं असायचं. टीव्हीवर जाहिरात नाही, पेपरात परीक्षण नाही, कुठला खेळ चांगला हे सांगणारं घरात कुणी मोठं माणूस नाही. सगळे खेळ एका रांगेत उभे, आणि त्यांतून निवड करायची आठ-दहा वर्षांच्या पोरांनी. तीही मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू होण्याच्या काळात.

सांगलीत आम्ही भावंडांनी त्यातून उचलले ते मारिओ, ‘काँट्रा’, रणगाड्यांचा ‘बॅटल सिटी’ आणि बदकं मारायचा ‘डक हंट’. पुढे पुण्याला शिकायला आले, तेव्हा होस्टेलवर जळगावची, लातूरची, मडगावची मुलगी भेटली. ज्यांच्या घरी हा डबा होता त्या सगळ्यांची यादी थोड्याफार फरकाने हीच. रशियात हाच डबा १९९२पासून ‘डेंडी’ या नावाने विकला गेला, पोलंडमध्ये ‘पेगासस’ म्हणून. तिकडच्या माझ्या वयाच्या लोकांनी लिहिलेल्या आठवणी वाचल्या, तर मारिओ, रणगाडे आणि काँट्रा तिथेही हजर.

या खेळांबद्दल बोलताना आपण पटकन ‘बालपणीच्या आठवणी’ म्हणून विषय मिटवतो. ते मला पटत नाही. त्याच बालपणात, त्याच कॅसेटवर आणखी वीस खेळ होते. त्यांतल्या एकाचंही नाव आज आठवत नाही. नुसत्या आठवणींनीच खेळ तगत असते, तर तेही तगायला हवे होते.

जपानी डब्याची नक्कल

तो डबा मुळात ‘निन्टेन्डो’चा. क्योटोची ही कंपनी १८८९ साली स्थापन झाली, ती हानाफुदा नावाचे जपानी पत्ते तयार करण्यासाठी. १५ जुलै १९८३ रोजी तिने ‘फॅमिकॉम’ हे घरगुती यंत्र जपानच्या बाजारात आणलं. मासायुकी उएमुरा या अभियंत्याने ते रचलं होतं, आणि किंमत १४,८०० येन ठेवायची म्हणून त्यात काटकसर पुरेपूर होती. मुख्य स्मृती होती २ किलोबाइट. पडद्यावर हलणाऱ्या आकृत्या एका वेळी ६४, त्याही एका आडव्या रेषेत ८पेक्षा जास्त आल्या की लुकलुकायला लागायच्या. काँट्रात गोळ्यांचा पाऊस सुरू झाला की चित्र फडफडायचं, त्याचं कारण हे. आम्ही अर्थातच वायर हलवत बसायचो.

जपानबाहेर तैवानमध्ये आणि पुढे चीनमध्ये या यंत्राच्या नकला निघू लागल्या. अख्खं यंत्र एका चिपमध्ये मावू लागल्यावर तर त्या कवडीमोल झाल्या. आपल्याकडे आल्या त्या बहुतांशी याच. मूळ कंपनीला त्यातून काय मिळालं असेल, हा प्रश्न मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत कुणाला पडला नाही. आम्हाला तर मुळीच नाही.

घरात त्याच्यासाठी स्वतंत्र कायदेकानू होते. अँटेनाची वायर काढायची, डब्याची लावायची, मुंग्यांमधून चित्र दिसेपर्यंत चॅनेल ट्यून करायचा. अर्धा तास झाला की अॅडॅप्टर गरम झाला म्हणून आई बंद करायला लावणार. आणि ‘पिक्चर ट्यूब जाते’ हे तर प्रत्येक घरातलं ब्रह्मवाक्य. कॅसेट चालली नाही की काढून तिच्यात फुंकर मारायची, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. तसंच रशियातल्या आणि अमेरिकेतल्या पोरांनाही. त्या फुंकरीचा उपयोग शून्य. कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे पट्ट्या नीट टेकायच्या, एवढंच. उलट तोंडातल्या दमटपणाने त्या हळूहळू गंजायच्या.

पहिला पडदा

‘सुपर मारिओ ब्रदर्स’ जपानमध्ये १३ सप्टेंबर १९८५ला आला. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी तो रचला. अख्खा खेळ, म्हणजे ३२ स्टेजेस, शत्रू, किल्ले, पाण्याखालची दुनिया आणि संगीत, हे सगळं मिळून ४० किलोबाइट. आज गणपतीच्या आरतीचा मोबाइलवर काढलेला एक फोटो याच्या कित्येक पट जागा घेतो.

एवढ्याशा जागेत त्यांनी शिकवणीही बसवली. पहिला पडदा आठवून बघा. मारिओ डाव्या बाजूला उभा, तोंड उजवीकडे, आणि उजवीकडे सगळं मोकळं. म्हणजे जायचं कुठे हे सांगायची गरज नाही. दोन पावलांवर प्रश्नचिन्हाची लुकलुकणारी पेटी. समोरून तपकिरी रंगाचा, भुवया ताणलेला एक प्राणी संथपणे येतो. त्याला धडकलात की मेलात. शिक्षा मोठी नाही, कारण खेळ आत्ताच तर सुरू झालाय. दुसऱ्या खेपेला तुम्ही घाबरून उडी मारता. उडी त्याच्या डोक्यावर पडली तर तो चपटा होतो. चुकून डोकं वरच्या पेटीला लागलं, तर नाणं निघतं. मग शेजारच्या पेटीलाही टक्कर मारावीशी वाटणारच, आणि तिच्यातून मशरूम निघतो.

आता खरी अडचण. आत्ताच एका चालत येणाऱ्या वस्तूने मारलंय, मग ही चालणारी वस्तू चांगली की वाईट? मशरूम उजवीकडे घरंगळतो, पुढच्या हिरव्या पाइपवर आपटतो आणि उलटा फिरून तुमच्याच अंगावर येतो. वर विटांचं छत आहे, त्यामुळे उडी मारून निसटणं अवघड. तो अंगाला लागतो आणि मारिओ दुप्पट होतो. वीसेक सेकंदांत तुम्हाला चालणं, उडी, शत्रू, पेटी आणि बक्षीस एवढं सगळं येतं, आणि पडद्यावर त्यासाठी एकही सूचना उमटलेली नसते. मियामोतो यांनी मुलाखतींमध्ये या जागेची रचना उलगडून दाखवली आहे. तो पाइप आणि त्या विटा मुद्दाम तिथे ठेवलेल्या आहेत.

काटकसर इतरत्रही दिसते. आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपं हा एकच आकार आहे, फक्त रंग वेगळा. मारिओच्या मिशाही काटकसरीच्याच. १९८१च्या ‘डाँकी काँग’मध्ये तो पहिल्यांदा आला, तेव्हा इतक्या मोजक्या ठिपक्यांत नाक आणि तोंड वेगळं दाखवणं जमेना, म्हणून मिशा. केस उडताना दाखवता येईनात, म्हणून टोपी. कोजी कोंडो यांनी संगीत बांधलं तेव्हा हाताशी मोजून पाच वाटा होत्या, त्यांतलीही एखादी वाट उडीचा किंवा नाण्याचा आवाज मधूनच ओढून घ्यायचा. ती धून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०२३ साली राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत घेतली. व्हिडिओ गेममधलं संगीत त्या यादीत जाण्याची ती पहिलीच वेळ.

शेजारच्या दादाने आम्हाला तिसऱ्या जगाच्या पहिल्या स्टेजच्या शेवटी, पायऱ्यांवर कासवाला अडकवून लाइफ वाढवत राहायची युक्ती दाखवली होती. आम्ही अधाशासारख्या लाइफ जमवायचो आणि पुढे पहिल्यांदा मेलो की खेळच खलास. त्याला आम्ही ‘कॅसेटचा शाप’ म्हणायचो. कारण साधं होतं. लाइफचा आकडा १२७पर्यंतच धरला जायचा. त्यापुढे गेला की यंत्र तो उणे समजायचं.

शब्दांवाचून शिकवण्याचं टोक गाठलं ते ‘टेट्रिस’ने. अलेक्सी पाजित्नोव यांनी १९८४ साली मॉस्कोत, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात तो लिहिला. त्यांच्या ‘इलेक्ट्रॉनिका ६०’वर चित्रं काढायची सोयच नव्हती, म्हणून पहिले चौकोन कंसांच्या खुणांनी बनवलेले होते. चार चौकोनांचे सात आकार, बस्स. आपल्याकडे तो जत्रेत आणि एस.टी. स्टँडवर मिळणाऱ्या ‘ब्रिक गेम’मधून घरोघर गेला. निन्टेन्डोने स्वतः तो आपल्या यंत्रावर १९८९ साली आणला. डिसेंबर २०२३मध्ये अमेरिकेतल्या १३ वर्षांच्या एका मुलाने तो इतका पुढे नेला की यंत्रच गोठलं. त्याच्या जन्माच्या वीसेक वर्षं आधीचा हा खेळ.

दोघांचा खेळ

शिकवणी चांगली असली तरी एकट्याने किती वेळ खेळणार? आमच्या घरी डबा एक, रिमोट दोन, पोरं सुट्टीत सात-आठ. जो मरेल तो रिमोट देईल, हा नियम. त्यावरून झालेली भांडणं वेगळी.

‘बॅटल सिटी’ हा ‘नामको’चा १९८५चा खेळ. पडद्याच्या तळाशी विटांच्या आडोशाला गरुडाचं चिन्ह, ते राखायचं. दोघांचे दोन रणगाडे, आणि एका स्टेजला शत्रूचे वीस. गंमत अशी की आपली गोळी आपल्याच जोडीदाराला लागली तर तो काही क्षण जागच्या जागी थिजायचा. आणि आपल्याच गोळीने आपला गरुड फुटला तर दोघांचाही खेळ संपला. त्यामुळे घरात शिस्त आपोआप यायची: ‘तू डावीकडे बघ, मी खाली थांबते.’ त्यात स्वतःचा नकाशा बांधायची सोयही होती. आम्ही गरुडाभोवती लोखंडाची तटबंदी करून सिंहगड म्हणून खेळायचो.

‘कोनामी’चा ‘काँट्रा’ याहून कठोर. एक गोळी लागली की गेलात. धबधब्याच्या स्टेजला एकजण घाईने वर चढला की पडदा वर सरकायचा आणि खाली राहिलेला फुकट मरायचा. पण याच खेळात एक मोठी माणुसकी होती. तुमच्या सगळ्या लाइफ संपल्या, तर बटण दाबून जोडीदाराची एक उसनी घेता यायची. ‘एक लाइफ दे ना!’ ही सुट्टीतली सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारी विनवणी. आत्तेभाऊ न विचारताच घ्यायचा, ती चोरी. माझी बहीण स्वतःची शेवटची देऊन टाकायची. खेळात कोण कसं वागतं यावरून माणसं कळायला लागली, ती तेव्हा.

३० लाइफ मिळवून देणारी बटणांची ती प्रसिद्ध क्रमवारी काझुहिसा हाशिमोतो यांची. १९८६ साली ‘ग्रेडियस’ हा खेळ घरगुती यंत्रासाठी तयार करताना तो त्यांना स्वतःलाच झेपेना. तपासणीच्या सोयीसाठी त्यांनी हा चोरदरवाजा ठेवला, आणि तो काढायचा राहून गेला. कंपनीने पुढे तो मुद्दाम इतर खेळांत घातला. आमच्याकडच्या कॅसेटींवर बहुधा ३० लाइफवाला काँट्रा आयताच मिळायचा, त्यामुळे ही युक्ती मला पुष्कळ उशिरा कळली.

हे सगळं घरातलं. बाहेर नाणं टाकून खेळायची पार्लरं होती, पण तिथे मुली जात नसत. कुणी बंदीची पाटी लावली नव्हती, तरी जात नसत. त्यामुळे ‘मुस्तफा’ मला ऐकूनच माहीत. ‘कॅपकॉम’ने १९९३ साली ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हा खेळ काढला. अमेरिकन कॉमिक्सवर बेतलेला, चार नायकांचा. त्यांतला सगळ्यांत चपळ तो मुस्तफा. धावत येऊन हवेत मारलेल्या त्याच्या लाथेने आपल्याकडच्या पोरांना असं वेड लावलं की खेळाचं मूळ नाव कुणी उच्चारलंच नाही. भाऊ घरी येऊन उशीवर ती लाथ मारून दाखवायचा. त्या खेळात हॅना नावाची एक नायिकाही होती, हे मला पार्लरं बंद पडल्यावर समजलं.

कॉम्प्युटरच्या तासाला

मुलींच्या वाट्याला हक्काने आला तो शाळेतला कॉम्प्युटर. चपला बाहेर काढायच्या, एसीत कुडकुडायचं, एका मशीनवर तिघी. सर बाहेर गेले की काळ्या पडद्यावर ‘डेव्ह’ टाइप करायचं.

‘डेंजरस डेव्ह’ जॉन रोमेरो यांनी १९८८ साली लिहिला. लाल टोपीचा डेव्ह, चषक घ्यायचा, दारातून बाहेर पडायचं, दहा स्टेजेस. मारिओची छाप उघड दिसते. पण याच डेव्हने पुढे इतिहास घडवला. त्या काळच्या पीसीवर मारिओसारखा सलग सरकणारा पडदा जमत नसे. १९९०च्या सप्टेंबरमध्ये रोमेरो यांचे सहकारी जॉन कारमॅक यांनी ती युक्ती शोधली. टॉम हॉल या दुसऱ्या सहकाऱ्यासोबत एका रात्रीत त्यांनी ‘सुपर मारिओ ३’ची पहिली स्टेज पीसीवर जशीच्या तशी उभी केली आणि त्यात मारिओच्या जागी डेव्हला पळवलं. नाव ठेवलं ‘कॉपीराइट इन्फ्रिंजमेंट’! पीसीवर मारिओ आणायचा त्यांचा प्रस्ताव निन्टेन्डोने नाकारला. या मंडळींनी १९९१ साली स्वतःची ‘इड सॉफ्टवेअर’ ही कंपनी काढली आणि १९९३ साली ‘डूम’ आणला.

आणि ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’. १९८९चा, एकट्या जॉर्डन मेकनर यांनी लिहिलेला. राजपुत्राची धाव, लोंबकळणं, कडेला पाय अडखळून सावरणं, हे सगळं त्यांच्या धाकट्या भावाचं आहे. त्याला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला लावलं, व्हिडिओ काढला, आणि एकेक चौकट हाताने गिरवली. पण त्यामुळे जागा इतकी संपली की शत्रू घालायला स्मृती उरली नाही. मग मेकनर यांनी राजपुत्राच्याच आकृत्या थोड्या सरकवून एकमेकींवर टाकल्या आणि त्यातून लखलखणारी सावली जन्मली. आरशातून बाहेर पडणारी, औषधाची कुपी पळवणारी. शेवटाकडे तिच्याशी तलवार उपसून लढलात, तर तिला लागलेला प्रत्येक घाव तुम्हालाच बसतो. तलवार म्यान करून पुढे गेलात, तरच ती तुमच्यात मिसळते. आमच्या वर्गात हे कोडं सोडवलं ते कधीही हात वर न करणाऱ्या एका मुलीने. जागा पुरेना म्हणून केलेली एक युक्ती आणि त्यातून एवढी मोठी गोष्ट. अडचणीतून निघालेला याहून सुंदर तोडगा मला दुसऱ्या कुठल्या खेळात दिसलेला नाही.

टिकलं ते कुणामुळे?

माझी भाची दहा वर्षांची आहे. तिला या कशाच्याही आठवणी असणं शक्य नाही. खेळण्यांच्या दुकानात आजही मिळणारा तसलाच एक नकली डबा गेल्या दिवाळीत तिला दिला. पहिल्याच प्राण्याला ती धडकली, मेली, आणि ‘मावशी, थांब, सांगू नकोस’ म्हणाली. पुढचं सगळं १९८५ साली ठरल्याप्रमाणे घडलं. ‘डक हंट’ मात्र तिला खेळता आला नाही. त्याच्या बंदुकीतून काहीच सुटत नाही, उलट ती बघते. चाप ओढला की क्षणभर पडदा काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. नळीतल्या डोळ्याला अंधारानंतर उजेड दिसला, तर बदक पडलं. हा हिशोब जुन्या पिक्चर ट्यूबच्या वेगावर बसवलेला आहे. आजच्या सपाट टीव्हीवर ती बंदूक आंधळी.

जुने खेळ असे यंत्रांबरोबर जातात, आणि कायद्यामुळेही. अमेरिकेच्या ‘व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन’ने २०२३ साली केलेल्या पाहणीत तिथे २०१०पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात रीतसर मिळत नाहीत असं आढळलं. आपला मुस्तफाही तसाच. हक्कांच्या गुंत्यामुळे त्याची घरगुती आवृत्ती कधी निघालीच नाही. तो आज चालतो तो हौशी लोकांनी १९९७पासून घडवलेल्या, पार्लरचे खेळ संगणकावर चालवणाऱ्या ‘मेम’ या प्रणालीमुळे. ‘क्रिकेट ०७’नंतर ‘ईए’ या कंपनीने क्रिकेटचा खेळ काढणं बंद केलं. भारत-पाकिस्तानातली मुलं त्यात नवे संघ, नवे गणवेश स्वतःच घालत राहिली, पदराला खार लावून. मेकनर यांनी हरवली असं धरलेली प्रिन्सची मूळ फ्लॉपी २०१२ साली त्यांच्या वडिलांना कपाटात सापडली, आणि हौशी जाणकारांनी तिच्यातला मजकूर वाचून काढला.

आजच्या खेळांना ही शक्यताही उरलेली नाही. २०१४चा ‘द क्रू’ हा गाड्यांच्या शर्यतींचा खेळ कंपनीने ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद करून संपवला. विकत घेतलेल्यांकडे डिस्क उरली, खेळ उरला नाही. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारी आदेशाने ‘पबजी मोबाइल’वर बंदी आली आणि महिना-दोन महिन्यांत तो इथल्या फोनांवर बंद पडला. बंदी योग्य की अयोग्य हा वेगळा प्रश्न. मुद्दा असा की खेळ दूर कुठेतरी राहत असेल, तर तो तुमचा नसतो.

चाळणीत वर राहिलेल्या त्या चार-पाच खेळांना बाहेरचं काहीच लागत नव्हतं. भाषा नको, नेट नको, खातं नको, जाहिरात नको. लागायचा तो एक डबा आणि शेजारी बसणारं कुणीतरी. जागा अपुरी म्हणून प्रत्येक वीट विचार करून ठेवलेली होती. म्हणून ते मॉस्कोत समजले आणि सांगलीतही. म्हणून ते आजही दहा वर्षांच्या मुलीला समजतात. गोडवे गायचे असतील, तर आपल्या बालपणाचे नकोत, या कारागिरीचे गावेत.

तुमच्या माळ्यावर असा डबा असेल, तर या दिवाळीच्या साफसफाईत भंगारात देऊ नका. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही असेल तर तोही ठेवा, बंदूक फक्त त्याच्यावरच चालते. पार्लर चालवलेलं कुणी ओळखीचं असेल, तर त्यांना बोलतं करा आणि लिहून ठेवा. आणि मुलांच्या हातात रिमोट द्याल तेव्हा शेजारी बसा, दुसरा रिमोट घ्या. बटण कुठलं दाबायचं ते मात्र सांगू नका.